गोंदण : विचारून आणि न विचारता

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आज मी पोटगीवर बोलावं असं ठरलं होतं. पोटगीवर येणारच आहे, पण जरा लांबच्या वाटेनं. मी गोंदणावर बोलणार म्हटल्यावर आपल्या एक ताई मला म्हणाल्या, "अगं, फॅशनवर बोलायला वेळ कुठंय आपल्याकडे?" त्यांचंही बरोबर आहे. वर्षभरापूर्वी मला कुणी हा विषय सुचवला असता तर मीही हेच म्हटलं असतं.

आधी एक करू. ज्यांच्या हातावर, कपाळावर, हनुवटीवर, कुठंही गोंदण आहे त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. पन्नाशीच्या पुढच्या तर जवळजवळ सगळ्याच. आता ज्यांना गोंदायच्या आधी कुणी विचारलं होतं की तुला पाहिजे का, काय पाहिजे, कुठं पाहिजे, त्यांनीच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या.

चार. त्यातल्या तीन तर पंचविशीच्या आतल्या पोरी आहेत.

माझी आजी इंदापूर तालुक्यातली, भीमाकाठची. उजनीच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी एक तिचं गाव. तिच्या कपाळावर ठिपका, हनुवटीवर तीन ठिपके, डाव्या हातावर तुळस आणि पाळणा, मनगटाजवळ विंचू. मी लहान असताना तिच्या हातावरचा विंचू बोटानं चिमटीत धरायचा प्रयत्न करायची. हे सगळं गोंदणारणीनं केलेलं. गोंदणारीण म्हणजे भटक्या समाजातली बाई, पालावर राहणारी. सुगी झाली की गावात यायची. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया, दिव्याची काजळी पाण्यात नाहीतर पाल्याच्या रसात खललेली, आणि वरून लावायला हळद आणि तेल. एवढंच भांडवल. पैसे क्वचित मिळायचे. पायलीभर ज्वारी, जुनं लुगडं, वाटीभर तेल. एरवी उंबऱ्याच्या बाहेर ठेवली जाणारी ही बाई त्या दिवशी घरातल्या सुनेचा हात मांडीवर घेऊन बसायची. सुई चालू असताना गाणी म्हणायची, म्हणजे पोरीचं लक्ष दुखण्यावरून जरा हलायचं.

आजी सांगायची, "सोनं-नाणं हितंच ऱ्हातं, गोंदान तेवढं संगं येतं." तुम्हीही हे ऐकलं असेल. ज्या बाईच्या नावावर ना घर ना रान, तिला ही एकच वस्तू कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. म्हणून गोंदण म्हणजे निव्वळ गुलामीची खूण, असं आपल्या शिबिरांमधून आपण पूर्वी सरसकट सांगायचो, ते मला आता अर्धवट वाटतं. बायांना ते आवडायचं. त्यात त्यांची हौस होती, तुळस-पाळण्याची निवड होती, जावा-नणंदांची चढाओढ होती. इंदापूरलाच जन्मलेल्या शांता शेळके यांनी आपल्या एका कवितासंग्रहाला 'गोंदण' हे नाव उगाच दिलं नसणार.

पण दुसरी बाजू आजीनंच सांगितली. तिला गोंदलं तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. आईनं पाय धरले, चुलतीनं डोकं धरलं. काय काढायचं ते आजीच्या आजीनं सांगितलं. आजीला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे गोंदणारणीच्या ध्यानीमनीही नसणार, कारण तिचं गिऱ्हाईक ती पोरगी नव्हतीच. ज्वारी घालणारी सासू किंवा आई हे तिचं गिऱ्हाईक.

आजीच्या उजव्या हातावर आणखी एक गोंदण होतं, लग्नानंतरचं. जत्रेतल्या मशीनवाल्याकडून काढलेलं आजोबांचं नाव. आजी शाळेत गेलेली नव्हती, म्हणजे ते नाव तिला वाचता येत नव्हतं. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे उखाण्याशिवाय ते उच्चारताही येत नव्हतं. वाचता येत नाही, बोलता येत नाही, पण हातावर आहे. जन्मभर. मी हे एम.एस.डब्ल्यू.ला असताना एका निबंधात लिहिलं होतं आणि मला चांगले गुण मिळाले होते. आजीला त्याबद्दल काय वाटतं हे मात्र मी तिला कधी विचारलं नाही. ते राहूनच गेलं.

न विचारता गोंदण्याचं काम सासवांनीच केलं असंही नाही. सरकारनंही केलंय. बंगाल इलाख्यात इंग्रजांनी १७९७ सालापासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायला सुरुवात केली. त्याला 'गोदना' म्हणत. ते १८४९ साली बंद झालं. पण स्वतंत्र भारतात, डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसरला पोलिसांनी चार बायांच्या कपाळावर 'जेबकतरी', म्हणजे खिसेकापू, असं गोंदलं. त्या बाया कोर्टात आल्या तेव्हा प्रकार उघडकीला आला. पोलिसांना शिक्षा सुनावली गेली २०१६ साली. तेवीस वर्षांनी! आपल्या भागातल्या पारधी बायांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्यातली एक म्हणाली, "आमच्या कपाळावर न गोंदताच वाचत्यात की समदी." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आता बारामतीला येऊ.

बारामतीत एका पार्लरच्या वरच्या खोलीत एक मुलगी टॅटू काढते. वय सव्वीस-सत्तावीस. तिचं नाव मी सांगणार नाही, तिनंच सांगू नको म्हटलंय, कारण पुढं मी जे बोलणार आहे त्यानं तिला त्रास होऊ शकतो. तिच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती एका केससाठी, ती केस पुढं सांगते. नंतर मात्र मी मुद्दाम जाऊन बसायला लागले. तिची परवानगी घेऊन, आलेल्या बायांची परवानगी घेऊन, कोपऱ्यातल्या स्टुलावर. समुपदेशनाचं प्रशिक्षण मी घेतलेलं आहे, पण त्या स्टुलावर बसून मला आमच्या केंद्रातल्या कामाच्या बऱ्याच चुका दिसल्या.

तिच्याकडे भिंतीवर डिझाइनचा तक्ता नाही. बाकी दुकानांतून असतो, बोट ठेवा आणि काढून घ्या. ही म्हणते, तक्ता असला की बाया तक्त्याकडे बघतात, स्वतःकडे बघत नाहीत. ती आधी नुसती बोलते. का काढावंसं वाटलं? कधीपासून मनात आहे? घरी कुणाला सांगितलंय? तुम्ही काम काय करता? शेवटचा प्रश्न मला आधी उगाचचा वाटला. पण त्याच्यावर पुष्कळ काही ठरतं. टॅटू भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर त्याला ऊन नको, घाम नको, घासणं नको. आता आपल्या बायांना कोण देतं दोन आठवडे सुट्टी? उसाच्या पात्यानं हात चिरतात, द्राक्षाच्या बागेत फवारणीचं औषध अंगावर येतं, गोठ्यात तर हात सतत ओले. म्हणून ती विचारते, रानात कधी जाणार, तोड कधी संपणार. आणि त्याप्रमाणे जागा बदलायला सुचवते किंवा सरळ सांगते की मावशी, आत्ता नको, पट्टा पडल्यावर या. मुलगी भरतीची तयारी करणारी असली तर तिला सांगते की सैन्याच्या भरतीत हाताची आतली बाजू किंवा पंजाची पाठ सोडून कायमचं गोंदण चालत नाही. आपल्याकडे भरतीची तयारी करणाऱ्या पोरी किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. हे त्यांना कुणी सांगत नाही.

मग ती कागदावर काढते. बाई म्हणते, असं नाही, जरा वाकडं. ती खोडते, परत काढते. पहिल्या दिवशी सुई हातात घेतच नाही. "घरी जा, कागद उशाखाली ठेवा, आठ दिवसांनी या." निम्म्या परत येत नाहीत. मी म्हटलं, अगं, तुझा धंदा बुडतो की. ती म्हणाली, "ताई, ज्या आल्या नाहीत त्यांना नकोच होतं ना."

आठ दिवसांनी आलेल्या बाईच्या कातडीवर ती आधी जांभळ्या शाईचा छाप उठवते. तो पुसता येतो. बाईला आरशासमोर उभी करते, हात खालीवर करायला लावते, पदर घेऊन बघायला लावते. किती दिसलं पाहिजे आणि किती झाकलं गेलं पाहिजे हे बाईच ठरवते. जेवण झालंय का विचारते. सुई बाईच्या देखत नव्या पाकिटातून काढते, शाई छोट्या टोपणात ओतते आणि उरलेली फेकते. सुरू करायच्या आधी एक बारीक रेघ काढून थांबते आणि म्हणते, "दुखणं एवढं आहे. पुढं जाऊ का?" हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. आपल्या बायांना दवाखान्यात, बाळंतपणात, कोर्टात, कुठं कुणी विचारलंय की दुखणं एवढं आहे, पुढं जाऊ का? बीडहून तोडीला येणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. त्या बायांच्या कागदावर अंगठे असतीलही. अंगठा घेणं आणि विचारणं यात किती अंतर असतं, ते त्या खोलीत कळतं.

आता ती केस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदललेत.

इंदापूर तालुक्यातली एक बाई, चाळिशीची. नवऱ्यानं सोडलेली, त्यानं दुसरं लग्न केलेलं. पोटगीसाठी आमच्याकडे आली. तिच्या डाव्या हातावर ठसठशीत अक्षरात नवऱ्याचं नाव. सोळाव्या वर्षी, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत काढलेलं. सासूनं हात दाबून धरला होता. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लगेच सगळं ठरलं. हे नाव काढायचं. मी पुण्यात चौकशी केली. लेझरनं जातं, पण अनेक बैठका लागतात, दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, खर्चही बराच. मग म्हटलं, झाकून तर टाकता येईल, वरून दुसरं काहीतरी काढून. वर्गणी काढायची तयारी केली, दिवस ठरवला, तिला गाडीत घालून त्या मुलीकडे घेऊन गेले. सगळं मीच बोलत होते. नाव झाकायचंय, पक्षी काढ, उडणारा काढ.

त्या मुलीनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही जरा खाली चहा घेऊन या."

मला राग आला. खरं सांगते, राग आला. मी या बाईसाठी एवढं करतेय आणि ही कालची पोर मला बाहेर काढतेय. अर्ध्या तासानं वर गेले तर दोघी गप्पा मारत बसलेल्या, हातावर काही नाही. नाव तसंच. बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, नाव ऱ्हाऊ द्या. त्यो कोर्टात म्हनतोय ही माझी बायकूच न्हाई. मग ह्ये काय हाय?"

लग्नाची नोंद नव्हती. देवळातलं लग्न, फोटो सासरीच राहिलेले. रेशनकार्डावरून नाव कमी केलेलं. नवऱ्याच्या वकिलानं लग्नच नाकारलं होतं. हे सगळं मला माहीत होतं, माझ्याच फायलीत होतं. आणि तिच्या हातावरची ती एक खूण मी स्वतःच्या उत्साहात पुसायला निघाले होते! पोटगीच्या प्रकरणात लग्नाचा अगदी काटेकोर पुरावा मागू नये असं सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलंय, पण काहीतरी दाखवावं लागतंच. गोंदण हा एकटा काही पुरावा नव्हे. ते तर तिनं स्वतःही काढून घेतलं असेल, असं समोरचा वकील म्हणणारच, आणि म्हणालाही. पण शेजारच्यांची साक्ष, मुलाच्या शाळेचा दाखला आणि त्याच्या जोडीला पंचवीस वर्षांचं फिकट झालेलं ते नाव, असं सगळं मिळून उभं राहिलं. अंतरिम पोटगी मंजूर झाली. पूर्वीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४ झालंय, अर्ज लिहिताना जुना आकडा टाकू नका, एवढं लक्षात ठेवा. रक्कम थोडी आहे आणि दर महिन्याला येतेच असं नाही, त्याच्यावर दुपारच्या सत्रात बोलू.

पुढं चार-पाच महिन्यांनी ती बाई केंद्रात आली होती. पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. नावाच्या जागी पानांची वेल होती. एकटीच जाऊन काढून आली होती. मी म्हटलं, "अहो, मला सांगितलं नाही ते?" ती म्हणाली, "सांगायला कशाला पायजे?" कोर्टातल्या फायलीत हाताचे फोटो लागलेत हे तिनं आधी वकिलाकडून विचारून घेतलं होतं, बरं का.

जत्रेतल्या मशीनवाल्यांबद्दल थोडं बोलते, कारण तुकोबांची पालखी आपल्याच रस्त्यानं जाते. बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. वाटेवर बॅटरीवर चालणारी मशीन घेऊन लोक बसलेले असतात. एक सुई, दहा हात. फडक्याला पुसली की पुढची बाई. काविळीचे ब आणि क प्रकारचे विषाणू अशा सुईतून जातात, एचआयव्हीही जातो. काविळीचा ब विषाणू तर वाळलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. म्हणून तर टॅटू काढल्यावर बारा महिने रक्तदान करू देत नाहीत. आपल्या देशात टॅटूसाठी वेगळा कायदा नाही, तेव्हा सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. त्या मशीनवाल्यांना हुसकवा असं मी म्हणत नाही. तीही पोटासाठी फिरणारी माणसं आहेत, आणि आपल्या गोंदणारणींचीच लेकरं त्यात आहेत. मागच्या वारीत आपल्या एका गटानं औषधाच्या दुकानातून सुया आणून देऊ असं म्हटलं, पण त्या मशीनला त्या सुया बसत नाहीत. मग त्या बारामतीच्या मुलीनंच कोणत्या बसतात ते सांगितलं. येत्या वारीत प्रत्येक गटानं आपापल्या गावाच्या हद्दीत एवढं तरी करावं : दर माणसाला नवी सुई, आणि अठराच्या आतल्या पोरीला नाही. मग तिची आई बरोबर असली तरी नाही.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी खरं मी हा विषय घेतला.

त्या मुलीकडे जोडपी येतात. नवरा म्हणतो, हिच्या हातावर माझं नाव काढा. कधी कौतुकानं, कधी संशयानं. कुणाशी तरी फोनवर बोलताना सापडली म्हणून, माहेरी जास्त दिवस राहिली म्हणून. ती नवऱ्याला खाली पाठवते आणि बाईला एकटीला विचारते. जबरदस्तीनं गोंदवणं ही शारीरिक हिंसा आहे, २००५ च्या कायद्यात तक्रार करता येते, हे मी तिला सांगून ठेवलंय आणि आपल्या केंद्राचा नंबर तिच्या टेबलावर आहे. कुणी 'नको' म्हटलं तर ती नवऱ्याला सांगते, कातडीला ॲलर्जी दिसतेय, दोन महिने जमणार नाही. एवढं खोटं ती बोलते आणि मला ते चालतं.

पण गेल्या महिन्यात एक बाई आली. नवरा खाली मोटारसायकलवर बसलेला. तिला एकटीला विचारलं तर ती म्हणाली, "मला नकोय, पण काढा. नाही काढलं तर आज रात्री मार बसेल. ॲलर्जी सांगितली तर तो दुसऱ्या दुकानात नेईल, तिथं कुणी विचारणारसुद्धा नाही." केंद्राचा नंबर घ्यायलाही ती तयार नव्हती, पाकिटात सापडला तर म्हणून. त्या मुलीनं तासभर विचार केला आणि नाव काढलं. लहानात लहान, दंडाच्या आतल्या बाजूला, झाकलं जाईल असं. शाई वरच्यावर ठेवली, म्हणजे पुढं झाकायला सोपं जाईल. आणि त्या बाईला सांगितलं की महिन्यानं टचअपला यावंच लागतं, असं घरी सांगा. म्हणजे तिला परत एकटीला भेटता येईल. संध्याकाळी मला फोन करून ती रडली. म्हणाली, "ताई, मी तिच्या सासूसारखंच वागले का?"

मी तिला उत्तर दिलेलं नाही. तुमच्यातल्या काहींनी असे प्रसंग स्वतः काढलेत, काहींनी अशा बायांना घरात ठेवून घेतलंय. टचअपची तारीख येत्या मंगळवारी आहे. त्या दिवशी तिथं कुणी असावं का, असलं तर कोण, आणि त्या बाईला काय विचारावं, हे आज ठरायला हवं. आता चहा घेऊ आणि गोल करून बसू.